अबोली कोनाले देली?

"‘प्रिय जानराव, अभिनंदन! तुम्ही लवकरच आई होणार आहात. डोहाळजेवणाच्या हिरव्या साड्या आमच्याकडे दाखल झाल्या आहेत.’"

रुख्मिणीबाईंनी फोन जरा दूर धरला, मग जवळ धरला आणि मग नवऱ्याच्या पोटाकडे पाहिलं.

"कोनता महिना हाय म्हनं?" जानरावांनी बाजेवरूनच विचारलं.

"सातवा लिवला हाय. आंबट-चिंबट खावासं वाटते का तुमाले?"

दोघंही पोटभर हसले. जानरावांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डोळ्यावर काळा चष्मा, उशाशी थेंबांची शिशी, आणि फोनच्या पडद्याकडे पाहायचं नाही असा डॉक्टरांचा सक्त हुकूम. त्यामुळे जन्मात पहिल्यांदाच त्यांच्या फोनमधले संदेश कोणीतरी उघडून वाचत होतं. तोवर जानरावांना फोन म्हणजे फक्त कानाला लावायची वस्तू. तेल्हाऱ्याच्या बसस्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले तरी सारं गाव अजून त्यांनाच फोन करून विचारायचं, "जानराव, अकोला गाडी गेली का?" रामरक्षा विसरेल, नवऱ्याचं रक्त कोणत्या गटाचं ते विसरेल, पण जानरावांचा नंबर विसरेल असं माणूस तेल्हाऱ्यात सापडायचं नाही.

संदेश होता ‘सुखछाया महाभांडार’चा. अकोल्याला एक आणि अमरावतीला एक अशी ही दोन भलीमोठी दुकानं. सुईपासून सोफ्यापर्यंत सारं एका छपराखाली, आणि प्रत्येक मजल्यावर गुळगुळीत फरशी, म्हणजे खेड्यातून आलेल्या माणसानं पाऊल टाकतानाच आपली पायरी ओळखावी. जानराव त्या दुकानात एकदाच गेले होते, आणि तेही लघवीला.

दुसऱ्या दिवशी संदेश आला, ‘तुमची गुलाबी नेलपॉलिश संपत आली असेल.’ रुख्मिणीबाईंनी डोळ्यात थेंब टाकता टाकता नवऱ्याची नखं तपासली आणि पुन्हा हसल्या. तिसऱ्या दिवशी ‘नववधूसाठी मेहंदी’ आली. तेव्हाही हसल्या. चौथ्या दिवशी मात्र त्यांनी संदेश वाचला, पुन्हा वाचला, आणि शिशीचं झाकण घट्ट लावून टाकलं.

"काय लिवलं हाय?"

"‘सहचारिणीसाठी घेतलेली अबोली रंगाची साडी तिला आवडली ना? तिच्यावर शोभेलसं ब्लाउजचं कापड आमच्याकडे आहे.’"

"मंग?"

"मंग काय? मले कुठी हाय अबोली साडी?"

जानरावांनी हवेत हात हलवला. "अवं, मले पोटुशी करनारे लोकं हायेत थे. त्यायचं काय घेऊन बसली?"

"हिरव्या साडीचं मी हसून घेतलं. नखायचंबी घेतलं. देवानं तुमाले पोट देलं नाई अन् नखाले रंग देला नाई, थे मले दिसते. पन साडी तं मानूस घेऊ शकते! अबोली कोनाले देली, थे सांगा."

रुख्मिणीबाईंच्या साड्यांचा विषय त्या घरात नाजूक होता. जानरावांनी संसारात बायकोला साड्या घेतल्याच नव्हत्या असं नाही, पण त्या बसच्या वेळापत्रकासारख्या, कागदावर वेळेवर आणि प्रत्यक्षात उशिरा. उलट मोर्शीचा भाऊ पुंजाजी दरसाल बहिणीला साडी धाडायचा. ती जरीची असायची, भारी असायची, आणि ती नेसून रुख्मिणीबाई आरशासमोर अशा आवाजात गुणगुणायच्या की ओसरीवरच्या माणसाला नेमकं ऐकू जावं:

"मोर्शीच्या वाटेवरी संत्र्यायले बहार,
भाऊ धाडे साडी मले, पदराले जरीचा भार."

ही ओवी त्यांची स्वतःची. दळण गिरणीत गेलं, जातं परसात उपडं पडलं, पण नवऱ्याला टोचायला ओवी लागतेच.

जानरावांनी ठरवलं की हा गैरसमज फोन करूनच मिटवावा. माणसाचं वाटोळं अशाच शहाणपणातून होतं. त्यांनी ‘सुखछाया’च्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिकडून आधी सनई वाजली, मग एका गोड बाईनं सांगितलं की आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि मग त्या मोलाच्या कॉलला ती पुन्हा सनई ऐकवू लागली. शेवटी एक मुलगी बोलली.

"नमस्कार. जानराव मॅडम बोलताय का?"

"मॅडम तुही माय! मी मानूस हाय. अबोली साडी मी घेतली नाई. अबोली साडीचं मले काई सांगू नका. माह्या घरात अबोलीचं नाव काढू नका!"

"नक्कीच, मॅडम. आपली आवड नोंदवली आहे."

आणि ती खरंच नोंदवली गेली. ज्या ग्राहकानं एका दमात तीनदा अबोलीचं नाव घेतलं, त्याला अबोलीचा किती ध्यास असेल! त्या दुपारपासून जानरावांच्या फोनवर अबोलीचा पाऊस सुरू झाला. अबोली बांगड्या, अबोली चपला, अबोली पर्स, अबोली पडदे. रुख्मिणीबाई एकेक संदेश मोठ्यानं वाचत होत्या आणि एकेक लुगडं पिशवीत भरत होत्या.

"कुठी चालली तू?"

"मोर्शीले. माह्या भावाकडे. थो तरी साडी कोनाले देते थे सांगून देते."

"अवं, माह्या डोयात थेंब कोन टाकीन?"

"टाकीन ना थे अबोलीवाली!" उंबऱ्यावर त्या वळल्या. "जलमभर दुसऱ्यायच्या गाड्या सोडल्या, अन् म्हातारपनी सोताच सुटले! आधी नाव सांगा, मंगच मी घरी येईन."

गेल्या त्या. चूल गार पडली, तुळशीपाशी सकाळचं पाणी पडेना, आणि घर असं गप्प झालं की भिंतीवरच्या पालीलाही चुकचुकायचा संकोच वाटावा.

डोळ्यात थेंब टाकायला शेजारचा वली आला. वली शिंपी होता. सुईत दोरा ओवणाऱ्या हाताला थेंब नेमका डोळ्यात टाकणं काय अवघड? पण तो टाकताना हसत होता आणि खाट हलत होती.

"जानरावभाऊ, आता तरी सांगून टाका. मी कोनाले सांगत नाई. थे अबोली हाय तरी कोन?"

"वल्या, तू माहा दोस्त हाय का दुश्मन हाय?"

"दोस्त हाय म्हनून तं विचारून राहिलो. दुश्मन असतो तं वैनीले पत्ता देला असता."

"उद्या अकोल्याले चाल माह्यासंगं. त्या दुकानवाल्याच्या तोंडून वदवून घेतो, का जानरावानं साडी घेतली नाई. अन् थेच मोर्शीले फोनवर आयकवतो."

अकोल्याच्या ‘सुखछाया’त वरच्या मजल्यावर एक काचेची खोली होती. तिच्यावर पाटी होती, ‘ग्राहक बुद्धिमत्ता विभाग’. खोलीत थंडी एवढी की बुद्धी नासू नये म्हणूनच ठेवली असावी. आत मालक खुशालरावांचा भाचा किशोर बसला होता. हा मुलगा पुण्याला शिकून आला होता आणि ‘माणूस’ हा शब्द तिकडेच ठेवून आला होता. त्याच्या तोंडी ‘युजर’, ‘सेगमेंट’, ‘जर्नी’ असे शब्द असायचे. खुशालरावांना त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याला सगळ्यात मोठा पगार दिला होता.

"जानराव?" नाव ऐकताच किशोर उभा राहिला. "म्हणजे ते जानराव? काका, तुम्ही आमचे एक नंबरचे ग्राहक आहात! तुमचं प्रोफाइल मी स्वतः प्रेझेंटेशनमध्ये दाखवतो."

"कायचं फाइल?"

"प्रोफाइल. म्हणजे बघा." किशोरनं पडद्यासमोर हात असे पसरले, जणू आत्ताच त्यानं विश्वरूप उघडलं. "पूर्वी बिलाच्या नोंदी एकीकडे, ॲपच्या नोंदी दुसरीकडे, फोनवरच्या तक्रारी तिसरीकडे. दुकानाला ग्राहक कळायचाच नाही. आता आम्ही डेटा प्लॅटफॉर्म आणलाय. ग्राहक बिलाच्या वेळी काउंटरवरच्या मशीनवर आपला नंबर दाबतो. ज्या ज्या नोंदीला तो नंबर, त्या सगळ्या प्लॅटफॉर्म एकत्र जोडतो. त्यातून एका माणसाचं एकच संपूर्ण चित्र तयार होतं. तो कोण, त्याला काय हवंय, उद्या काय हवं होईल. मग संदेश आपोआप जातात. समजा, ग्राहकाचा सातबाराच!"

"सातबाऱ्यावर निदान मानूस पुरुष हाय का बाई, थे तं बरोबर असते," जानराव म्हणाले. "दाखव माहा सातबारा."

किशोरनं कळ दाबली. जानरावांना पडद्याकडे पाहायची बंदी होती, म्हणून वलीच मोठ्यानं वाचू लागला.

"नाव, जानराव. लिंग, स्त्री. ‘खात्री भक्कम’ असं लिवलं हाय, भाऊ. वय, तरुन. गरोदर. नववधू. गुडघेदुखी. बुरख्याचं कापड. सत्यनारायनाचा चौरंग. शीरखुर्म्याची शेवई. हरतालिकेचं सामान. धार्मिक कल..." वली थांबला. "धार्मिक कल, ‘सर्व’."

"अत्यंत दुर्मिळ प्रोफाइल आहे," किशोर भक्तिभावानं म्हणाला. "अशी ग्राहक पुण्यातही नाही."

जानराव डोळे मिटून ऐकत होते, आणि काळ्या चष्म्याआड त्यांना एकेक चेहरा दिसत होता. सातवा महिना म्हणजे पोस्टमास्तरची सून रागिणी. मेहंदी म्हणजे समोरची निखत, तिचा निकाह परवाच झाला. गुडघ्याचा पट्टा म्हणजे गिरणीवाल्याची आई. अख्खी गल्लीच रांगेनं त्यांच्या नंबरात शिरून बसली होती.

"पन ह्या साऱ्याजनी माहा नंबर काहून दाबतात?"

"बिलाचं काय करता मंग, पोट्ट्या?" वलीनं किशोरला विचारलं. "कागदावर देता का?"

"कागद बंद. बिल थेट नंबरवर जातं. पर्यावरण!"

दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढ्या एका वाक्यात सारा उलगडा झाला होता. बिल नंबरवर जातं. नवऱ्याचा नंबर दाबला तर बाई पिशवी घेऊन बसमध्ये चढायच्या आतच नवऱ्याच्या खिशात घंटी वाजायची, ‘आपण अमुक रुपयांची खरेदी केली.’ मग बाईनं दाबायचा कोणाचा नंबर? जो तोंडपाठ आहे त्याचा! आणि प्रत्येकीला वाटायचं की ही युक्ती आपली एकटीचीच. जानराव संदेश कधी उघडत नाहीत, हेही साऱ्या गावाला ठाऊक. डोळ्याचं ऑपरेशन झालं नसतं, तर हा सुखाचा संसार असाच चालू राहिला असता.

"मंग अबोली साडी कोनं घेतली?" जानराव म्हणाले. "वल्या, वाच बरं, त्याच बिलात आनखी काय हाय?"

"अबोली साडी. अत्तराची शिशी, खसचं. अन् काळा मशीनदोरा, डझनभर, बत्तीस..." वलीचा आवाज एकदम शिलाई उसवल्यासारखा सुटला. "बत्तीस नंबरचा."

तेल्हाऱ्यात बत्तीस नंबरचा काळा दोरा एकाच दुकानात लागायचा.

"माह्या नसीमनं संदुकीत ठेवली हाय अबोली," वली सावकाश म्हणाला. "मी पायली. म्हने, पातूरच्या भाईजाननं धाडली. अन् मी म्हनलं, वा! सालासाहेब हो तं असा!"

आता हसायची पाळी जानरावांची होती, आणि त्यांनी ती सव्याज वसूल केली. खाट नव्हती म्हणून खुर्ची हलवली. "दानशूर हाय बुवा तुहा साला! माह्याच नंबरवरून दान करते!"

वली चिडला. "लय हसू नका. ए पोट्ट्या, आता माहा नंबर टाक. पाऊ दे, मी कोन हाय थे."

किशोरनं नंबर टाकला. वलीनं वाचायला सुरुवात केली आणि खोलीतली थंडी एकदम वाढली.

"वली. लिंग, स्त्री. नऊवारी, जांभळी, जरीकाठी. कुंकवाचा करंडा. अधिक महिन्याचं वान. नऊवारी, मोरपंखी, जरीकाठी. वातीचा कापूस. नऊवारी, डाळिंबी..."

जानरावांचं हसू जिथल्या तिथं थांबलं. जांभळी त्यांना ठाऊक होती. मोरपंखीही ठाऊक होती. डाळिंबी गेल्या भाऊबीजेची. तिच्या घडीचा नवा वास अजून त्यांच्या नाकात होता. पदराले जरीचा भार.

"मोर्शीवाला भाऊ," वली हळूच म्हणाला.

जानरावांनी काळा चष्मा नाकावर वर सरकवला. उन्हाळ्यात रुख्मिणीबाई कुरड्या-सांडगे करून विकायच्या, ते पैसे कुठं जातात हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आता कळलं. माहेर आटलं आहे हे सासरच्या गल्लीला कळू नये, म्हणून बाई स्वतःच भाऊ झाली होती. स्वतःच साडी घ्यायची, स्वतःच धाडायची, स्वतःच उघडायची आणि स्वतःच ओवी गायची. आणि नंबर वलीचा, कारण वलीच्या जुन्या फोनची संदेशांची पेटी कधीची भरून गेली होती. त्यात नवा संदेश शिरायला जागाच नव्हती.

"आणि हे तर सगळ्यात भारी आहे," किशोर म्हणाला. त्याला खोलीतल्या शांततेचा पत्ताच नव्हता, तिची नोंद प्लॅटफॉर्ममध्ये होत नसावी. "हे दोन्ही नंबर नेहमी एकाच दिवशी, एकाच वेळी, मागेपुढे बिल करतात. साड्यांच्या मजल्यावर मात्र कधीच सोबत नसतात. दोघांचं गावही एक, गल्लीही एक. त्यावरून प्लॅटफॉर्मनं नातं ओळखलंय."

"कोनतं नातं?"

"पती-पत्नी."

"कोन?"

"तुम्ही दोघं."

जानराव आणि वली यांनी पुन्हा एकमेकांकडे पाहिलं. नसीमबानो आणि रुख्मिणीबाई अकोल्याला सोबत यायच्या, सोबत जायच्या, आणि साड्यांच्या मजल्यावर एकमेकींना चुकवायच्या, कारण दोघींनी एकमेकींना आपापल्या भावांचे पोवाडे ऐकवलेले होते. एवढी साधी गोष्ट. पण ती कळायला गल्लीत राहावं लागतं. काचेच्या खोलीत बसून कळतं ते एवढंच, की तेल्हाऱ्याच्या एका शिंप्याचा संसार निवृत्त कंट्रोलरशी सुखानं चालला आहे.

"कोन हाय ह्यातली बायको?" वलीनं विचारलं.

"दोघंही स्त्रीच दिसताय, पण सिस्टिम चुकत नाही, काका. माणूस चुकतो."

"बरोबर हाय," जानराव म्हणाले. "तुले कामावर ठेवनाराबी मानूसच हाय."

टोमणा किशोरच्या डोक्यावरून गेला. "काही गफलत वाटत असेल तर दुरुस्त करतो. या नंबरवर खरेदी करणाऱ्या सगळ्या महिलांना गाठून त्यांच्या मिस्टरांचे खरे नंबर घेतो. पुढच्या महिन्यापासून बिल ज्याचं त्याला."

"नाई!" दोघंही एकदमच ओरडले.

जानरावांनी त्याचा हात धरला. "बावा, हात जोडतो. गल्लीतल्या चुली इझवशीन. मी गरोदर हाय, नवरी हाय, माहे गुडघे दुखतात. सारं मंजूर. तू फक्त कशाले हात लावू नको."

आले होते निर्दोषत्वाचा दाखला न्यायला, आणि निघाले गुन्हा कबूल करून. तेवढ्यात दारातून खुशालराव शेठ डोकावले. "हेच का आपले सोनेरी ग्राहक?" म्हणून त्यांनी दोघांच्या गळ्यात हार घातले आणि आदर्श जोडप्यासाठी ठेवलेली भेट दिली. दोन कप होते. एकावर लाल हृदयाचा डावा अर्धा, दुसऱ्यावर उजवा. जवळ ठेवले की हृदय पुरं व्हायचं. ‘नाही’ म्हणायला दोघांच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. जाता जाता किशोरनं आपुलकीनं वलीचा फोन मागून घेतला. "काका, पेटी भरलीये, म्हणून आमचे संदेश येत नाहीत तुम्हाला. थांबा, रिकामी करून देतो." आणि त्यानं ती रिकामी करूनही दिली. चांगुलपणाइतका धोका दुसऱ्या कशात नसतो.

अकोल्याच्या बसस्टँडवर दोघांनी एकेक कप आपल्या पिशवीत टाकला.

"वल्या, शब्द दे. जांभळीचं, अबोलीचं, कोनापाशी काई बोलाचं नाई. नसीमभाभीपाशीबी नाई."

"खुदा कसम, नाई बोलत."

वली तेल्हाऱ्याच्या गाडीत बसला आणि जानराव अमरावतीच्या. तिथून पुढं मोर्शी. वाटेत संत्र्याच्या बागा लागल्या, पण काळ्या चष्म्यातून साऱ्या बागा काळ्याच दिसत होत्या. हाती काय होतं त्यांच्या? अबोलीचं नाव सांगितलं तर नसीमबानोचं घर मोडतं. जांभळीचं सांगितलं तर बायकोचा हुकुमाचा एक्का जातो, आणि त्यासोबत तिची मान खाली जाते. काही न सांगितलं तर बायको येत नाही.

मोर्शीला पुंजाजीच्या दारात बागेतल्या संत्र्यांचा ढीग पडला होता. त्यातली किडकी निवडून पुंजाजीनं पाहुण्यापुढं ठेवली आणि साखर महाग झाल्याची बातमी आधी सांगून मग चहा मागवला. रुख्मिणीबाई खांबापाशी पाठ फिरवून बसल्या होत्या. अंगावर जांभळी नऊवारी होती. माहेरी चांगलंचुंगलं नेसून राहावं, ही रीतच आहे.

पुंजाजीची बायको कप घेऊन आली आणि कौतुकानं पदर चाचपू लागली.

"वन्सं, चार दिसापासून पाहून राहिली. लय भारी हाय वं साडी! कोनं घेतली?"

खांबापाशी पाठ ताठ झाली. पुंजाजीनं बहिणीकडे पाहिलं, बहिणीनं जमिनीकडे. बाहेर संत्र्यांवर माशा घोंघावत होत्या, तेवढाच काय तो आवाज. रुख्मिणीबाईंच्या इतक्या वर्षांच्या साऱ्या ओव्या त्या एका प्रश्नाच्या टोकावर येऊन लटकल्या होत्या.

"मीच घेतली, वैनी," जानराव म्हणाले. "जरीचा भार तिले लय आवडते."

रुख्मिणीबाईंनी मान वळवली. नवऱ्याच्या काळ्या चष्म्यात त्यांना काहीच वाचता येईना. पण त्या उठल्या. आत गेल्या, पिशवी भरली, आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "गाडी किती वाजता हाय?"

सकाळची पहिली गाडी हलली. मोर्शी मागं पडलं, तेव्हा त्यांनी पिशवीतून थेंबांची शिशी काढली. रागानं जाताना ती त्यांच्यासोबतच गेली होती. तिकडे वली दुसऱ्याच शिशीतले थेंब टाकत होता ते कशाचे होते, देव जाणे! नवऱ्याची मान मागं करून त्यांनी थेंब टाकले.

"अबोलीचं नाव?" आवाज पूर्वीचाच होता, पण त्याची धार गेली होती.

जानरावांनी डोळे मिटले आणि हळूच सूर लावला. स्टँडवर गाड्या पुकारून कमावलेला घसा, त्यातून ओवी निघाली तीही फलाटावरच्या सूचनेसारखी:

"मोर्शीच्या वाटेवरी संत्र्यायले बहार,
वलीच्या नंबरावरी पदराले जरीचा भार."

रुख्मिणीबाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग पदराचं टोक डोळ्यांना लावलं. मग तेच टोक तोंडात कोंबलं, कारण हसू आवरेना.

"अन् अबोली?"

"थेबी एका भावानंच धाडली हाय. तुह्या भावासारख्याच भावानं. पातूरच्या."

"अगं माय! नसीम?" रुख्मिणीबाईंनी कपाळाला हात लावला. "अन् मले भावाचे पोवाडे आयकवते!"

"तू काय आयकवत होती तिले?"

बाईंनी शिशीचं झाकण पुन्हा घट्ट लावून टाकलं.

तेल्हाऱ्याचा स्टँड आला. उतरतात तोच समोर नसीमबानो उभ्या, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कप. मागं वली, ओठ शिवून टाकल्यासारखा गप्प. त्याच्या खिशातला फोन मात्र गप्प बसत नव्हता. पेटी रिकामी झाल्यापासून तुंबलेलं सारं प्रेम तो एकदम ओकत होता.

"रुख्मिनाताई, तुमीच पाहा!" नसीमबानो कडाडल्या. "‘प्रिय वली, तुमची डाळिंबी नऊवारी.’ ‘प्रिय वली, तुमचा कुंकवाचा करंडा.’ अन् कालच्यान ‘आदर्श जोडप्याला शुभेच्छा!’ कोनती हाय विचारलं तं मियाँ तोंड उघडत नाई. कसम खाल्ली म्हनते! अन् पिशवीत हे निघालं." त्यांनी कप उंच धरला. अर्धं लाल हृदय उन्हात चमकलं. "ह्याचा बाकीचा आधा दिल ज्या बाईपाशी हाय, तिच्यापाशीच राहा म्हना. मी चालली पातूरले, भाईजानकडं."

जानरावांनी मुकाट्यानं आपल्या पिशवीत हात घातला आणि दुसरा कप काढून नसीमबानोंच्या कपाला लावला. हृदय पुरं झालं.

नसीमबानोंनी हृदयाकडे पाहिलं, जानरावांच्या काळ्या चष्म्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. तेव्हा रुख्मिणीबाई पुढं झाल्या. त्यांनी नसीमबानोंच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि कानाशी लागून म्हटलं, "भाईजानकडं चालली तं संदुकीतली अबोली नेसून जा ना वं. तिथी कोनी विचारलं, कोनं घेतली, तं सांगजो काई तरी. मी मोर्शीतून आत्ताच थेच आयकून आली. डाळिंबी माहीच हाय."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. आधी नसीमबानोंचे खांदे हलले, मग रुख्मिणीबाईंचे, आणि मग दोघी एकमेकींना धरून अशा हसल्या की फलाटावरची माणसं सरकून उभी राहिली. वलीनं पहिल्यांदाच श्वास सोडला. त्याच क्षणी दोघा मित्रांचे फोन एकदम वाजले. रुख्मिणीबाईंनी पडद्यावर पाहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "‘प्रिय जानराव आणि वली, तुमच्या पहिल्या बाळाच्या पाळण्यावर खास सवलत!’"

पलीकडे अकोला गाडीचा कंडक्टर खोळंबून ओरडत होता, "पातूरवाल्या बाई येतात का नाई?"

जानरावांनी छाती भरून श्वास घेतला, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तो आवाज तेल्हाऱ्याच्या स्टँडवर घुमला.

"अकोला गाडी सोडा! पातूरची सवारी रद्द!"